करवली आहे, विहीण आहे. मैत्रीण कुठे आहे?

लग्न ठरलेल्या मुलीने पाच-सहा मैत्रिणींना सोबत घ्यावे, शुक्रवारी संध्याकाळी निघावे, लोणावळा, अलिबाग, नाशिक नाहीतर गोवा गाठावा, दोन रात्री तिथे काढाव्यात आणि रविवारी घरी परतावे, ही गोष्ट आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. नागपूर-कोल्हापूरच्या नोकरदार मुलीही असे बेत आखतात. लग्नाच्या यादीत मेंदी आणि संगीत यांच्या शेजारी ‘बॅचलरेट’ येऊन बसली आहे. घराघरांत तिच्याबद्दल बोलले जाते ते मात्र दोनच प्रकारे. एक मत असे की ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, उधळपट्टी आहे, आपल्या लग्नाशी तिचा काही संबंध नाही. दुसरे मत असे की संसाराच्या रगाड्यात अडकण्यापूर्वी मुलींना एकदा मनसोक्त जगून घेऊ द्यावे.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात. पहिले मत मांडणाऱ्यांनी आपली स्वतःची परंपरा नीट पाहिलेली नसते. दुसरे मत दिसायला उदार आहे. पण ‘एकदा’ जगून घे, असे जेव्हा घरातली माणसे प्रेमाने सांगतात, तेव्हा पुढे हे मिळणार नाही हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते. माझे म्हणणे दोन भागांत आहे. मैत्रिणींनी मिळून केलेला असा सोहळा लग्नाच्या आसपास हवाच, कारण आपल्या लग्नविधींत मैत्रीला एकही जागा नाही. आणि या नव्या सोहळ्यात जो दोष आहे तो परकेपणाचा नसून वेळेचा आहे. मुलीला मैत्रिणींची उणीव भासत नसते त्या दिवसांत तो होतो. ज्या वर्षांत ती उणीव तिला जाळत असते त्या वर्षांत काहीच होत नाही. मंगळागौरीची रीत ज्यांनी घातली त्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली कळली होती.

१. लग्नघरातले मान

मराठी लग्न म्हणजे नातेवाइकांचा हजेरीपट असतो. मामा नवरीला बोहल्यावर आणतो. अंतरपाट धरला जातो तेव्हा करवली करा घेऊन मागे उभी असते. भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो आणि त्याबद्दल मानाचे वस्त्र घेतो. विहिणींची पंगत वेगळी बसते. सासू सूनमुख बघते. नवरी सासरी निघाली की पाठराखीण तिच्यासोबत जाते, म्हणजे परक्या घरातल्या पहिल्या रात्री ओळखीचे एक तरी माणूस जवळ असावे. पुढे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. यांतले कोणी हजर नसेल तर विधी अडतो. सख्खा मामा नसेल तर चुलत मामा, तोही नसेल तर मानलेला मामा शोधून आणतात, पण ती जागा रिकामी ठेवत नाहीत.

मैत्रिणीची जागा कोणती? ती मेंदीला येते, अक्षता टाकते, उखाण्याचा आग्रह धरते, फोटोत उभी राहते आणि जेवून जाते. ती आली नाही तर एकही विधी खोळंबत नाही. मानपानाच्या साड्यांच्या यादीत तिचे नाव नसते. जिने दहावीपासून नोकरीपर्यंत या मुलीची प्रत्येक धास्ती ऐकली, हे स्थळ होकार देण्याजोगे आहे की नाही यावर जिच्याशी रात्र-रात्र बोलणे झाले, तिला मांडवात करण्याजोगे काहीही नाही.

हे अनवधानाने झालेले नाही. लग्न हा दोन कुळांमधला व्यवहार आणि मैत्री कुळाबाहेरची. ती निवडलेली असते, जात आणि घराणे ओलांडून जाऊ शकते, म्हणून या व्यवहाराला ती नेहमीच थोडी अडचणीची. सगळीकडे मात्र असे घडलेले नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये मैत्रीला विधी आहे. तिथे ‘मितान’ बदतात, म्हणजे विधीपूर्वक मैत्री जोडतात, आणि ती दोस्ती दोन्ही घरे नात्यासारखी पाळतात. राखीपौर्णिमेच्या सुमारास भोजलीच्या सणातले कोवळे अंकुर एकमेकींच्या कानात खोचून बायका जन्माच्या मैत्रिणी होतात. आपल्याकडे बाईच्या मैत्रीला जागा मिळाली ती जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. अशा ओव्यांत शेजी पुन्हा पुन्हा भेटते, तिच्यापाशी मन मोकळे केले जाते. पण शेजी ही सासरच्या आळीत वाट्याला आलेली सोबत. माहेरी असताना निवडलेल्या मैत्रिणीचा धागा लग्नाच्या दिवशी तुटे आणि त्याची नोंद ठेवणारा विधी नव्हता.

या पार्श्वभूमीवर बॅचलरेटकडे पाहिले तर ती निव्वळ मौज राहत नाही. मैत्रिणींनी स्वतः ठरवलेला, स्वतः खर्च केलेला आणि ज्यात मैत्रीण हेच मुख्य नाते आहे असा लग्नातला हा पहिला सोहळा आहे. केळवण जसे नातेवाइकांचे, तशी ही मैत्रिणींची. म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

२. परकेपणाचा आक्षेप कुठे थांबतो

‘आपल्यात हे नव्हते’ हा आक्षेप खरा मानला तर तो सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. संगीत आपल्यात नव्हते, ते पंजाबी लग्नांतून आणि हिंदी चित्रपटांतून आले. नवरदेवाची शेरवानी आपली नव्हती. लग्नाआधीचे चित्रीकरण, व्यासपीठावरचा केक, वरातीतला डीजे, यांतले काहीच आजीच्या लग्नात नव्हते. तरी यांना घरातून फारसा विरोध झाला नाही, उलट वडीलधाऱ्यांनीच पैसे मोजले. मग बॅचलरेटपाशीच परंपरा का आठवते? कारण बाकी सगळे नवे प्रकार घरच्यांच्या देखत होतात. या एकाच सोहळ्यात वडीलधारे कोणी नसते, आणि कोणाला बोलवायचे ते मुलगी ठरवते. आक्षेप या दोन गोष्टींना आहे. तो उघडपणे मांडला तर त्यावर बोलता तरी येईल.

शिवाय ही प्रथा म्हणजे श्रीमंत गोऱ्यांचे चोचले, ही समजूतही अर्धवट आहे. अमेरिकेत बॅचलरेट पार्टी रुजली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुरुषांच्या बॅचलर पार्टीला उत्तर म्हणून. पण ब्रिटनमध्ये तिच्या आधीच्या पिढ्या गिरण्या-कारखान्यांत सापडतात. स्कॉटलंडमध्ये कारखान्यातल्या मुली लग्न ठरलेल्या सहकारिणीला रंगीत फिती, कागदी फुले लावून सजवायच्या, मीठ घातलेले भांडे हातात देऊन तिला रस्त्यांवरून गोंगाट करत फिरवायच्या आणि लोक त्या भांड्यात नाणी टाकायचे. पगार कमावणाऱ्या बाईला घराबाहेर सहकारिणी मिळाल्या, आणि त्या सहकारिणींनी तिच्या लग्नात आपली जागा मागितली. आपल्याकडे आज तेच घडते आहे, आणि त्याचे कारणही तेच: मुली वसतिगृहांत राहिल्या, एकत्र भाड्याने घर घेऊन राहिल्या, कचेरीत शेजारी बसल्या. कारणे इथलीच आहेत. बाहेरून आले ते नाव, आणि नवरीच्या खांद्यावरचा तो चकचकीत पट्टा.

३. मंगळागौरीची पाच वर्षे

आता वेळेकडे येतो. मंगळागौर लग्नानंतर असते, आणि ती एकदा करून संपत नाही. लग्नानंतरची पाच वर्षे, श्रावणातल्या मंगळवारी, नव्या सुनेने ती पूजायची. एकटीने नाही: ज्यांची लग्ने नुकतीच झाली आहेत अशा आणखी मुली वसोळ्या म्हणून बोलवायच्या. सकाळी पत्री वाहून पूजा, दुपारी मुक्याने जेवण, आणि रात्री जागरण. दिवसभर मान खाली घालून वावरणाऱ्या सुनेला त्या रात्री झोपायची मुभा नाही, खेळायचा हुकूम आहे.

त्या खेळांकडे जवळून पाहावे. फुगडीत दोघी समोरासमोर उभ्या राहतात, चवडे एकमेकींच्या चवड्यांना भिडवतात, हातांची फुली करून पंजे घट्ट पकडतात आणि मागे रेलतात. एकीचा तोल पूर्णपणे दुसरीच्या मुठीत असतो. वेग वाढला की आजूबाजूचे घर फिरून दिसेनासे होते, दिसतो तो समोरचा चेहरा. बस फुगडीत उकिडवे बसून पाय झाडताना मांड्या भरून येतात. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, लाट्या बाई लाट्या. सासू-सुनेच्या भांडणाची सोंगे आणि जावा-नणंदांवरची गाणी. जे दिवसा पुटपुटायचीही सोय नव्हती ते रात्री तालावर, मोठ्याने, त्याच घराच्या माजघरात म्हटले जाई. अंग थकवणारी, हसवणारी आणि मनातली मळमळ बाहेर काढणारी ही रात्र होती, आणि बरोबरीच्या सगळ्या जणी त्याच दुःखाच्या भागीदार होत्या.

यात तीन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. हा सोहळा मुलगी नव्या घरात गेल्यावर, तिचा एकटेपणा सुरू झाल्यावर येतो. तो पाच वर्षे पुन्हा पुन्हा येतो, कारण नवे घर एका वर्षात आपले होत नाही. आणि तो त्याच अवस्थेतल्या मुलींना एकत्र आणतो. मंगळागौर ज्या घरांत नव्हती तिथेही अशी सोय काही ना काही होती. नागपंचमीला माहेरी येऊन झोके घ्यायचे, हस्त नक्षत्रावर हादगा-भोंडल्याचा फेर धरायचा, खानदेश-विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई मांडायची. सासरचा जाच गाण्यातून सांगण्याची परवानगी या सगळ्या सणांनी दिली होती.

मंगळागौरीचे गोडवे गाऊन मला थांबायचे नाही. ती पतीच्या आयुष्यासाठी होती. कोणाला बोलवायचे ते सासू ठरवी. ती ब्राह्मण आणि काही मोजक्या जातींपुरती होती. विधवेला तिथे स्थान नव्हते, म्हणजे जिला सोबतीची सर्वांत जास्त गरज तिला दार बंद होते. मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ करणारा सारडा कायदा १९२९ साली आला. त्याआधीच्या कित्येक नवऱ्या खेळण्याच्याच वयाच्या होत्या, आणि हे खेळ म्हणजे त्यांच्याकडून हिरावलेल्या बालपणाची वर्षातून एकदा केलेली भरपाई होती. हे सगळे खरे धरूनही वेळेचा मुद्दा उरतो. ज्या समाजाने सुनेला फारसे काही दिले नाही, त्यानेही लग्नानंतरच्या पाच वर्षांत तिला बरोबरीच्या मुली लागतात हे ओळखले होते. आज आपण पंचविशी-तिशीच्या, कमावत्या, शिकलेल्या मुलीला तेवढेही देत नाही. मंगळागौर अजून होते, पण बऱ्याच ठिकाणी सभागृहात होते. नऊवारी नेसलेला, मानधन घेणारा चमू खेळ करून दाखवतो आणि नवरी खुर्चीत बसून मोबाइलवर चित्रण करते. फुगडी बघण्याने काही होत नाही, ती घालावी लागते.

४. सगळ्यांनीच पाठवणी केली तर

आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली संक्रमणाच्या विधींचे तीन टप्पे सांगितले: जुन्या अवस्थेपासून तोडणारे, मधल्या काळातले आणि नव्या अवस्थेत सामावून घेणारे. मराठी लग्नात तोडणारे विधी भरपूर आहेत. पाठवणीला कोरडे राहणारे डोळे विरळाच. सामावून घेणारे विधीही आहेत, पण ते सासरचे, त्यांच्या सोयीचे: माप ओलांडणे, नाव बदलणे, पहिला सण. मंगळागौर या दुसऱ्या तीरावरची. बॅचलरेट मात्र पहिल्या तीरावर, पाठवणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली आहे. आईवडिलांनी निरोप दिला, भावाने दिला, आता मैत्रिणींनीही दिला. पलीकडच्या तीरावर तिची वाट बघत कोणीच थांबलेले नाही.

मैत्री तुटण्याचा हा धोका काल्पनिक नाही. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या स्थलांतरविषयक पाहणीनुसार देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित आहेत आणि त्यांपैकी ८६.८ टक्क्यांच्या स्थलांतराचे कारण लग्न आहे. पुरुष नोकरीसाठी गाव सोडतो तेव्हा बहुधा तिथे कोणी मित्र, गाववाला आधी पोचलेला असतो. बाई लग्नासाठी गाव सोडते तेव्हा ती एकटी सोडते. त्यात वेळेचा हिशेब मिळवावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या कालविनियोग पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात असे दिसते. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. मैत्री टिकवायला लागणारी मोकळी संध्याकाळ कुठे गेली याचा शोध याच दोन आकड्यांत लागतो. मैत्रिणी एकमेकींना विसरतात हे खरे नाही, त्यांना सवड उरत नाही.

आपले चित्रपट नकळत हेच सांगून गेले आहेत. ‘दिल चाहता है’ २००१ साली आला आणि गोव्याची सहल हा पुरुषांच्या मैत्रीचा ठरलेला कार्यक्रम झाला. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) मध्ये लग्न ठरलेला तरुण जुन्या मित्रांना घेऊन स्पेनला जातो. आता मराठीतले बायकांचे दोन अतिशय गाजलेले चित्रपट घ्या. ‘झिम्मा’ (२०२१) मधल्या बायका इंग्लंडला जातात, पण सहल कंपनीच्या गटातून, बहुतेक जणी एकमेकींना अनोळखी. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मध्ये मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात त्या सख्ख्या बहिणी. पुरुषांच्या गोष्टीत शाळा-कॉलेजचा मित्र तिशीतही शाबूत आहे. बायकांच्या गोष्टीत ती जुनी मैत्रीण कथेत नाहीच. तिच्या जागी एकतर नवी ओळख आहे नाहीतर रक्ताचे नाते. ‘केसरी’ आणि ‘वीणा वर्ल्ड’ या सहल कंपन्यांच्या फक्त बायकांसाठीच्या सहलींना मिळणारा प्रतिसादही मला याच बाजूने समजतो. हौस होती, पुढे पैसाही आला. सोबत जायला लागणारी माणसे मात्र वाटेत हरवली होती, ती कंपनीने जमवून दिली. या सहलींबद्दल मला आदर आहे. पण पन्नाशीत अनोळखी बायकांमध्ये मैत्रीण शोधावी लागणे, हा पंचविशीत मैत्रिणींना निरोप देण्याचा परिणाम आहे.

५. दोन दिवस बाहेर पडायचे म्हणजे

लग्नाआधीची मुलगी आणि लग्नानंतर पाच वर्षांनी तीच मुलगी, दोघींनी एकाच सहलीला निघायचे ठरवले तर काय होते ते बघू. पहिली शुक्रवारी कचेरीतूनच परस्पर निघते, बॅग सकाळीच सोबत आणलेली असते. दुसरीची तयारी बुधवारपासून सुरू होते. भाज्या निवडून, चिरून डब्यांत. कणीक मळून फ्रिजमध्ये. शनिवारसाठी इडलीचे पीठ. मुलाच्या क्लासची वेळ, औषधाचा चमचा, कामवाली आली नाही तर तिच्या बदलीचा नंबर, हे सगळे लिहून फ्रिजच्या दाराला लावलेले. सासूबाईंचा उपास असेल तर साबुदाणा भिजत घालायची आठवण. एवढे करून निघताना ‘जाऊ ना?’ असे विचारायचे. आणि शनिवारी दुपारी समुद्रावर असताना फोन: मुलाचे पांढरे मोजे कुठे आहेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना विचारतात की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचे ठिकाण, या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा आहे का. २०१५-१६मध्ये ४१ टक्के स्त्रियांना ती होती, २०१९-२१मध्ये ४२ टक्क्यांना. मौजेसाठी, काही कारण नसताना, मैत्रिणींबरोबर जाण्याचा प्रश्न त्या पाहणीत नाही.

कारण लागते, हा माझ्या मते सगळ्यात खोल रुजलेला अडथळा आहे. गरीब बाईलाही बाहेर पडायचे असते. मार्च २०२३मध्ये एसटीने बायकांना अर्धे तिकीट केले तेव्हा देवदर्शनाला निघालेल्या बायकांचे घोळके जागोजागच्या बसस्थानकांवर दिसू लागले. वारी, जत्रा, एकवीरा, जेजुरी, बचत गटाची सहल, ही तिची वीकेंडे आहेत. पण देवाचे नाव पुढे केल्याशिवाय ती मागता येत नाहीत. मध्यमवर्गीय मुलीला देवाऐवजी लग्नाचे निमित्त मिळाले, एवढाच फरक. निमित्त संपले की परवानगीही संपते. म्हणून बॅचलरेट म्हणजे श्रीमंतांचा प्रश्न, असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही. बाईने निव्वळ आनंदासाठी घर सोडावे की नाही, हा प्रश्न एसटीतल्या बाईचा आणि विमानातल्या मुलीचा एकच आहे.

६. आक्षेप, आणि त्यांतले खरे किती

पैशाचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. व्हिला, विमान, ठरलेल्या रंगाचे कपडे, फुग्यांची सजावट, छायाचित्रकार; आकडा बघता बघता एखाद्या मुलीच्या महिन्याच्या पगारापर्यंत जातो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर प्रत्येक नव्या बेताला अंगठे येत राहतात आणि एक जण गप्प होत जाते. शेवटी ती सांगते, रजा मिळत नाही. रजेची अडचण नसते, पहिल्या नोकरीच्या पगारातून घरी पैसे पाठवल्यावर उरते त्यात हा बेत बसत नसतो. मैत्रीच्या नावाने केलेल्या सोहळ्यातून एक मैत्रीण पैशापायी गळाली तर तो सोहळा आपल्या हेतूलाच मुकला. इलाज अवघड नाही, फक्त मन मोठे लागते. सगळ्यांत कमी पगार जिचा, तिच्या ऐपतीने बेत आखावा, आणि तो आखताना तिला तसे जाणवूही देऊ नये. पवनेच्या काठचा तंबू, एखादीचे रिकामे गावचे घर, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा आणि तिथून अलिबाग. फुगडी घालायला एवढी जमीन पुरते.

दारू आणि दिखावा यांवर फार वेळ घालवायची गरज मला वाटत नाही. ज्या घरात वरातीपुढे नाचणाऱ्या पुरुषांच्या पिण्याकडे कानाडोळा होतो, त्या घराने मुलींच्या पेल्यांत डोकावू नये. दिखाव्याबद्दल मात्र मुलींनीच विचार करावा. दोन दिवसांतला निम्मा वेळ फोटोंत गेला तर बोलायचे राहून जाते, आणि लग्नाच्या तोंडावर मुलीला बोलायचे पुष्कळ असते: होणाऱ्या नवऱ्याच्या एखाद्या बोलण्याने मनात राहिलेली शंका, नोकरी सोडावी लागेल का ही धास्ती, शरीराबद्दलचे प्रश्न. आईपाशी जे निघत नाही ते इथे निघते.

सुरक्षिततेचा आक्षेप काळजीपोटी येतो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर’ (२०११) या मुंबईविषयीच्या पुस्तकाने हा प्रश्न उलटा करून ठेवला. बाईला संरक्षण देण्याच्या नावाखाली शहर तिच्यापासून काढून घेतले जाते, आणि तिला हवा आहे तो विनाकारण रेंगाळण्याचा, धोका पत्करण्याचाही हक्क, अशी त्यांची मांडणी आहे. शिवाय धोका कुठे आहे ते आकड्यांनाच विचारावे. २०२२च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार स्त्रियांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा किंवा सासरच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा आहे. अशा छळाची पहिली खबर कोणाला मिळायला हवी? जिच्याशी रोजचे बोलणे आहे अशा मैत्रिणीला. सासरी गेलेल्या मुलीचा मैत्रिणींशी संबंध राखणे, हेच तिच्या सुरक्षिततेचे मोठे साधन आहे.

एका आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कबुली आहे. आसगाव, शिवोली, हणजुणे या गोव्यातल्या गावांत लोक राहतात. तिथे शाळेत जाणारी मुले आहेत, पहाटे उठणारे पाववाले आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने मनाई आहे आणि ती सर्रास मोडली जाते. आपल्या घरी न मिळणारी मोकळीक दुसऱ्याच्या गावाची झोप मोडून घ्यायची, हे मुलींनी केले म्हणून कमी चूक ठरत नाही. गोवेकरांचा राग रास्त आहे.

७. मग करायचे काय

बॅचलरेट करूच नये असे मी म्हणत नाही. ती जरूर करावी, पण ती पहिली मानावी. तिथेच पुढच्या वर्षीची तारीख धरावी आणि किमान पाच वर्षे मोडू नये. मंगळागौरीकडून वेळ घ्यावी, बॅचलरेटकडून निवड: लग्नानंतर, पुन्हा पुन्हा, पण आपण निवडलेल्या मैत्रिणींबरोबर आणि कोणाच्याही दीर्घायुष्याचे निमित्त न करता. तिसऱ्या वर्षी एखादीला तान्हे मूल असेल, तर त्या वर्षी तिच्या घराजवळचे ठिकाण घ्यावे. चौथ्या वर्षी एखादी परदेशात असेल, तर ती येईल तेव्हाचा आठवडा धरावा.

याचा निम्मा भार नवऱ्यावर येतो आणि तो लग्नाआधी बोलून घेतलेला बरा. बैठकीत देणेघेणे, मानपान, जेवणाची पाने, कार्यालयाचे भाडे यांवर तासन् तास खल होतो. त्याच काळात मुलगा-मुलगी एकमेकांना भेटत असतात. त्यांनी वर्षातले हे दोन दिवस ठरवून टाकावेत. त्या दोन दिवसांत घरी स्वयंपाक कोण करील, मुलाला कोण सांभाळील, सासूबाईंना कोण सांगेल, हे स्पष्ट असावे. सांगायचे काम मुलाने करावे. ‘मी तिला कधी अडवणार नाही’ एवढे आश्वासन अपुरे आहे. न अडवणाऱ्या नवऱ्याच्या घरीसुद्धा कणीक बुधवारी तीच मळत असते.

आणि एक जण राहते, जिचा विचार या सगळ्या बोलण्यात कोणी करत नाही. प्रत्येक गटात एक मैत्रीण अशी असते जिचे लग्न झालेले नसते, ठरत नसते, किंवा तिला करायचेच नसते. ती सगळ्यांच्या बॅचलरेटला येते, सजावट करते, वर्गणी भरते, आणि तिच्यासाठी मात्र कधीच कोणी गाडी काढत नाही. एखादी घटस्फोट झालेली असते, एखादी नवरा गमावलेली असते. लग्न हेच निमित्त राहिले तर मंगळागौरीने विधवेला जसे बाहेर ठेवले तसे आपण यांना बाहेर ठेवू, फक्त अधिक सौजन्याने. वर्षातला तो शनिवार-रविवार ठरलेला असेल, तर एका वर्षी तो एखादीच्या लग्नाचा असेल, दुसऱ्या वर्षी कोणी स्वतःच्या नावावर घेतलेल्या घराचा, तिसऱ्या वर्षी पूर्ण झालेल्या प्रबंधाचा किंवा कोर्टात सुटलेल्या बंधनाचा, आणि एखाद्या वर्षी कशाचाच नाही.